पाचा उत्तरी

शंकेखोर : कथा वाचण्यात तुला एवढी गोडी कसली वाटते, ते मला आजवर उमगलेलं नाही. कथासंग्रह हातात घेतला की माझं दिवाळीत बारा घरी फराळाला जाऊन आलेल्या माणसासारखं होतं. प्रत्येक घरी चकली, चिवडा, चहा आणि पोटभर जेवण कुठेच नाही. घर जरा ओळखीचं होतंय, कोण कुणाची सून आणि कोण कुणाचा भाचा ते लक्षात येतंय, तोवर उठायची वेळ. पुढच्या घरी पुन्हा नवी नावं, नवी नाती, नवं गाव. संग्रह संपल्यावर आठवड्यानं मला विचार. बारांतल्या चारसुद्धा धड सांगता यायच्या नाहीत. कादंबरीत मी मुक्कामाला असतो. तिथली माणसं मला कंटाळवाणी वाटतात, मग आवडतात, मग त्यांचा राग येतो. कादंबरीकार नेमाडे लघुकथेला कादंबरीच्या खालच्या पंगतीला बसवतात याचा बऱ्याच जणांना राग येतो. मला मात्र कुणीतरी आपल्या मनातलं बोललं असंच वाटतं.

रसिक : एका दिवसात बारा घरं उरकलीस, यात फराळाचा काय दोष? कथा मुळात संग्रहातून आपल्याकडे आलीच नाही. हरिभाऊ आपट्यांच्या स्फुट गोष्टी ‘करमणूक’मधून आल्या, आणि ते साप्ताहिक १८९० सालचं. का. र. मित्रांचं ‘मनोरंजन’ १८९५ ला निघालं आणि १९०९ ला त्यांनी पहिला दिवाळी अंक काढला. ‘सत्यकथा’ १९३३ पासून १९८२ पर्यंत चालली. या अंकांमध्ये कथेच्या शेजारी दुसरंच काही असायचं, एखादी कविता, एखादा लेख, नाहीतर केशतेलाची जाहिरात. कथा वाचून झाली की अंक उशाशी पडून राहायचा आणि कथा डोक्यात. मासिकाचा पुढचा अंक यायला महिना. त्या महिन्यात ती कुणाला तरी सांगितली जायची, तिच्यावरून वाद व्हायचा, कधी पुन्हा वाचली जायची. संग्रह ही जपून ठेवण्याची सोय आहे. बरणीत लोणचं भरलेलं असतं म्हणून कुणी बरणी पुढ्यात घेऊन जेवायला बसत नाही.

शंकेखोर : बरं, एका वेळी एकच वाचतो. पण तसं वाचलं की आणखीच पंचाईत होते, कारण निवांत बघितलं की शिवण दिसायला लागते. फडक्यांनी कथेचं तंत्र शिकवलं, आकर्षक सुरुवात, गुंतागुंत, उत्कंठेचं टोक आणि मग उकल. ते तंत्र जुनं झालं म्हणतात, पण त्याची सवय गेलेली नाही. शेवटच्या परिच्छेदात काहीतरी उलटणार, हे मला पहिल्याच पानावर कळतं. मग मी माणसं बघत नाही, लेखकाचे हात बघतो. जादूगाराच्या बाहीत कबुतर आहे हे एकदा कळलं की टोपीकडे कोण बघतो? आणि तोकडेपणालाच गुण म्हणायचं असेल तर हल्ली फोनवर येणारी ती ‘अलक’, अति लघु कथा, तीच या प्रकाराचं शिखर म्हणायला हवी. चार ओळींत सासू वाईट, पाचवीत सासू चांगली, खाली हात जोडलेले.

रसिक : कलाटणीबद्दल तुझं अर्धं मान्य. पण अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ आठव. गाव सोडून मुंबईला आलेला धिप्पाड भीमा. खाण बंद पडते, काम जातं, आणि तो मसणवटीतली राख चाळून सोन्याचे कण शोधायला लागतो. पुढे पुरलेली प्रेतं उकरतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि ती कायमची जातात. मग बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. ही कलाटणीच आहे, नाही का? पण ती कळलेली असूनही मी ही कथा चार-पाचदा वाचली आणि दर वेळी शेवटाला पोटात गोळा आला. कबुतर बाहीत आहे हे ठाऊक असताना जी जादू पुन्हा चालते तिला हातचलाखी म्हणता येत नाही.

शंकेखोर : पण नेमकी त्याच वेळी खाण सुरू व्हावी? महिनाभर आधी नाही, वर्षानं नाही? तो मुहूर्त खाणमालकानं काढला की लेखकानं?

रसिक : हातावर पोट असलेल्या माणसाला काम सुटल्याचं आणि लागल्याचं असंच कळतं. त्याला कुणी आगाऊ विचारत नाही, कारण सांगत नाही. तुला तो योगायोग वाटतो, कारण तुझा पगार एक तारखेला होतो. खाण अशी मनमानी उघडते आणि मिटते, एवढंच तर त्या कथेचं म्हणणं आहे. ते म्हणणं आणि कथेचा शेवट यांच्यामध्ये सुरीचं पातं घालायला जागा नाही. आता अलकेबद्दल. छोटं आणि आटीव यांत फरक आहे. पेलाभर दूध छोटं असतं. बासुंदीही पेल्यातच येते, पण तिच्यामागे चुलीवरचं पातेलं असतं आणि ढवळणाऱ्याचा दुखरा हात असतो. जी. एं.च्या ‘रमलखुणा’त दोनच कथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’, आणि त्यांनी अख्खं पुस्तक भरलंय. त्यांना तोकडं कोण म्हणेल? तरी त्या कथाच आहेत, कारण त्यांत उसंत घ्यायला ओसरी नाही. एडगर ॲलन पो यानं १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या गोष्टींबद्दल लिहिताना एका बैठकीत वाचून होण्याचा मुद्दा काढला होता. लोक त्याचा अर्थ वेळ वाचतो असा लावतात. मला वाटतं मुद्दा वेगळा आहे. न उठता वाचलेली गोष्ट मनात अखंड राहते. सुरुवातीची वाटी शेवटी खाली पडते तेव्हा ती कुठे ठेवली होती हे तुला आठवत असतं. कादंबरी अशी सगळीच्या सगळी डोक्यात धरता येत नाही. तिचे प्रदेश आठवतात. कथा तळहातावर घेऊन उलटसुलट करून बघता येते. माझा आनंद आहे तो हा.

शंकेखोर : आटीव हा शब्द बरा आहे. पण आटताना जे उडून गेलं ते माझ्या मते वाफ नव्हतं. तेच जगणं होतं.

रसिक : मग आपल्याकडची सगळ्यात जुनी साक्ष काढतो. श्रावणात आजी कहाणी वाचायची, आम्ही मुठीत अक्षता घेऊन ऐकायचो. शेवटी कहाणी स्वतःबद्दलच सांगते की साठ उत्तरांची होती ती पाचांत संपवली. जुन्या मराठीत उत्तर म्हणजे बोल, शब्द. म्हणजे साठ बोलांचं पाच बोलांत सांगितलं आणि तरी ते सुफळ झालं, संपूर्ण झालं. टीकाशास्त्राचं एक पानही न वाचलेल्या बायकांनी कथेची ही व्याख्या तोंडपाठ ठेवली होती. उरलेली पंचावन्न उत्तरं उडून गेली नाहीत. ती ऐकणाऱ्याच्या मुठीत आहेत. कथा वाचून संपते आणि आपण पान उलटत नाही. हात तसाच पानावर राहतो. त्या अर्ध्या मिनिटात पंचावन्न उत्तरं बोलत असतात.

शंकेखोर : हे तू बोललास ते बरं झालं, कारण माझा खरा आक्षेप मला आत्ता सापडला. कहाणी पाचांत का भागते? ऐकणारीला ती आधीच ठाऊक असते म्हणून. गेल्या श्रावणात ऐकलेली असते, त्याच्या आदल्या श्रावणात ऐकलेली असते. सवत म्हणजे काय, नावडती म्हणजे काय, माहेरचं बोलावणं न येणं म्हणजे काय, हे सांगणारीला आणि ऐकणारीला सारखंच माहीत. पंचावन्न उत्तरं दोघींच्या घरात आहेत, म्हणून पाच पुरतात. तुझ्या आवडत्या, ‘सत्यकथे’तल्या नवकथेचंही तेच. गाडगीळ, अरविंद गोखले यांनी मोजक्या खुणांत मनं उभी केली, हे कौतुक मी लहानपणापासून ऐकतो. पण लेखक, संपादक आणि वाचक एकाच वळणाच्या घरांतले असतील तर खुणा पुरणारच. नुसतं ‘तिनं पदर सारखा केला’ म्हटलं की तुला तिचं अख्खं लग्न दिसतं. ज्यांच्या घरची भाषा त्या पानांवर नव्हती त्यांचा संताप किती होता, ते ठाऊक आहे ना? राजा ढाल्यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली, लघुअनियतकालिकवाल्यांनी अंक जाळला. तेव्हा तुझ्या या आनंदाचं नाव सूचकता आहे की सगोत्रीपणा? न बोलता समजतं, कारण आपण आपल्यातच बसलोय.

रसिक : हा घाव बसला. पण मग व्यंकटेश माडगूळकरांचं काय करशील? ‘माणदेशी माणसं’ १९४९ चं. पुण्यामुंबईच्या किती वाचकांनी माणदेश पाहिला होता? त्यांच्याकडे साठांतलं एकही उत्तर नव्हतं, आणि माडगूळकर तर शब्द मोजून देणारे. तरी ती माणसं उभी राहिली. रामा मैलकुली, धर्मा रामोशी, झेल्या. पुढे शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर गावोगावी कथाकथन करत फिरले, तेव्हा समोर शेतकरीही बसायचा आणि मास्तरही. दोघे हसायचे, आणि हसायचे एकाच जागी.

शंकेखोर : हसायचे एकाच जागी, पण एकाच कारणानं का? शेतकरी ‘हा तर आमच्या आळीचा’ म्हणून हसत असेल आणि मास्तर ‘हे असेच असतात’ म्हणून. पुस्तकाचंही तसंच. माणदेश न पाहिलेल्या वाचकानं ती पंचावन्न कशानं भरली? ‘खेड्यातली साधीभोळी माणसं’ या तयार मालानं. माडगूळकरांनी तसं लिहिलं नव्हतं. त्यांच्या पानांवर दुष्काळ आहे, लाचारी आहे, कोरडेपणा आहे. पण रिकामी जागा सोडली की वाचक तिथे स्वतःच्या घरातलं सामान आणून ठेवणारच. कादंबरी हे होऊ देत नाही. तुझा गैरसमज ती शंभराव्या पानावर मोडते, दोनशेव्या पानावर पुन्हा मोडते. कथेपाशी तेवढी पानं नाहीत. तू तुझा गैरसमज घेऊन आत येतोस, आणि थोडा सुंदर करून बाहेर नेतोस.

रसिक : थांब. तू धरून चाललायस की न सांगितलेलं ते सगळं वाचकानं भरायचं असतं. मीही आत्तापर्यंत तसंच बोलत होतो, म्हणून तुझ्या कचाट्यात सापडलो. पण बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ बघ. संग्रह १९६३ चा. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण, परगावी जागा शोधायची म्हणून जात लपवून राहतो. एकजण त्याला डोक्यावर घेतो, घरी बोलावतो. मग जात उघड होते आणि मार पडतो. आता यात वाचकापासून काय लपवलंय? काहीच नाही. गुपित काय आहे ते नावातच छापलंय. लपवलंय ते गोष्टीतल्या माणसांपासून. म्हणजे पहिल्या ओळीपासून वाचक त्या गुपितात सामील आहे. जेवायचं आमंत्रण येतं तेव्हा त्याच्याबरोबर वाचकही दचकतो. जन्मात कधी जात लपवावी न लागलेला माणूस तेवढी पानं जात लपवत हिंडतो. तिथे त्याच्या घरचं सामान ठेवायला रिकामी जागाच नाही. त्याला काही भरायचं नाहीये, वाहायचं आहे. कथेची पंचावन्न उत्तरं दोन तऱ्हांची असतात. काही आपल्याजवळ आधीच असतात, काही आपल्या डोक्यावर दिली जातात. तू बोलतोयस ते पहिल्या तऱ्हेबद्दल.

शंकेखोर : हे मला पटलं. इतकं, की त्याचीच भीती वाटते. किती पानं वाहतो तो वाचक? वीस? तीस? मग पुस्तक मिटतो, चहा टाकतो. ज्यानं खरंच वाहिलं त्याला ओझं खाली ठेवायची मुभा नव्हती. दुसऱ्याचं दुःख एका बैठकीत वाहून झालं, यातच मला काहीतरी खटकतं. तू ज्याला अखंडपणा म्हणतोस त्याची दुसरी बाजू ही, की सगळं सुटसुटीत मावतं. कादंबरी आठ-पंधरा दिवस घरात पाहुण्यासारखी राहते. कामावर जाताना ती अर्धी असते, जेवताना अर्धी असते. तिच्यातल्या माणसाचं काय झालं असेल याचा घोर लागतो. कथेत घोर लागायला वेळच नाही. आणखी एक बघ. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा. तेंडुलकरांनी तिच्यावरून पटकथा लिहिली, गोविंद निहलानींनी १९८३ ला ‘अर्धसत्य’ केला. किती लोकांना त्यातला फौजदार ठाऊक आहे आणि कितीजणांना ती कथा? सोडलेल्या जागा दुसऱ्यांनी भरल्या तेव्हा कुठे तो माणूस लोकांच्या मुक्कामाला आला. म्हणजे कथा हे बियाणं झालं. रोप दुसरीकडे वाढलं.

रसिक : बियाणं म्हणून हिणवतोस, पण ज्वारीचा दाणा पेरायचाही असतो आणि खायचाही. ‘अर्धसत्य’ निघाला नसता तरी ‘सूर्य’ उपाशी राहिली नसती. घोर लागण्याबद्दल मात्र तू म्हणतोस ते खरं आहे. कथा घोर लावत नाही. तिचं लागणं वेगळ्या जातीचं असतं. कादंबरी वाचत असताना सोबत असते. कथा वाचून झाल्यावर, केव्हातरी, काही संबंध नसताना येते. मी बाजारात टोमॅटो घासाघीस करून घेतो आणि कधीकधी हात मध्येच थांबतो. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’. बाजारात मालाला भाव मिळत नाही, दिवस उतरतो तसा भाव आणखी उतरतो, आणि शेवटी बाप आपलेच टोमॅटो पायांखाली तुडवतो. पोरगा बघत उभा. बस्स. ती वाचून मला किती वर्षं झाली ते आता आठवत नाही, पण भाजीवाल्यापुढे ती अचानक शेजारी येऊन उभी राहते. पंधरा दिवस घरात राहिलेल्या कितीतरी कादंबऱ्यांनी माझा हात असा धरलेला नाही.

शंकेखोर : आणि हात धरल्यावर? घासाघीस सोडलीस?

रसिक : नाही. दोन रुपये कमी करूनच घेतो.

शंकेखोर : मग काय झालं कथेनं?

रसिक : घासाघीस पूर्वीसारखी गोड राहिली नाही, एवढंच. याला तू आनंद म्हणू नकोस हवं तर. पण कथा वाचण्याचं सुख म्हणून मी ज्याच्यामागे इतकी वर्षं धावतो त्यात हा काटा पहिल्यापासून आहे. नुसती चकली-चिवड्याची गोष्ट असती तर मीही कादंबरीकडेच गेलो असतो.

शंकेखोर : मीही थोडा सरकतो. बारा घरं एका दमात करणार नाही. आणि कथा तोकडी असते असं म्हणायचं मी सोडलं. पण माझा प्रश्न आता अधिक टोकदार झालाय. ‘लाल चिखल’ शाळेच्या पुस्तकात धडा म्हणूनही होती. एका बाकावर दोन पोरं बसलीत असं समज. एकाच्या घरून टोमॅटो बाजाराला जातात, दुसऱ्याच्या घरी बाजारातून येतात. पहिल्याला साठही उत्तरं पाठ आहेत. त्याला हा धडा कशाला? दुसऱ्याला पाचच मिळणार. त्यावर तो किती चालेल? मधे ही कथा कुणासाठी उभी आहे?

रसिक : पहिल्याला साठ ठाऊक असतात, पण ती एकत्र कधी दिसलेली नसतात. रोजच्या जगण्यात ती विखुरलेली असतात. आज भाव पडला, उद्या मोटारीचं भाडं, परवा बापानं उगाच मारलं. धड्यात ती पहिल्यांदा ओळीनं उभी राहतात आणि त्याला कळतं, बापाचा राग आपल्यावर नव्हता. हे काही थोडं नाही. दुसऱ्याचं मला सांगता येत नाही.

शंकेखोर : शिक्षक आहेस असं समज. त्या बाकावर धडा मोठ्यानं वाचायला कुणाला उभं करशील?

रसिक : पहिल्याला सांगितलं तर त्याचा आवाज कुठेतरी अडकेल आणि वर्गाला छापलेल्या ओळींपलीकडचं ऐकू येईल. पण त्याच्या घरचं चारचौघांत उघडं केल्यासारखं होईल. ते मला करवणार नाही. मी दुसऱ्यालाच उभं करीन. तो घडाघडा वाचेल, विरामचिन्हांसकट. मी फक्त तो कुठे अडखळतो ते ऐकत राहीन.

शंकेखोर : आणि नाही अडखळला तर?